काम, मन आणि सम्यक आजीव



दीक्षा घेतली की घरातला देव्हारा जातो, भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर येते, लग्नाचा विधी बदलतो, पोरांची नावे बदलतात. शेजारीपाजारी चार दिवस या बदलांची चर्चा करतात आणि मग गप्प बसतात. परंतु एका बदलाबद्दल गाव वर्षानुवर्षे गप्प बसत नाही. तो बदल म्हणजे आपल्या कामाचा. "धर्म बदलला आणि माज आला, आता कामाला हात लावत नाहीत," हा टोमणा मराठवाड्यातील कोणत्या बौद्ध वस्तीने ऐकला नाही? पुढे त्याच वस्तीतला मुलगा शिकून नोकरीला लागला की दुसरा टोमणा तयार असतो. तो "सरकारचा जावई" होतो, त्याला म्हणे काम करायची गरजच नसते.

टोमण्यांना उत्तर देण्यासाठी हा लेख नाही. टोमणे मारणाऱ्याला उत्तर नको असते. परंतु त्या टोमण्यांच्या आत एक खरा प्रश्न दडलेला आहे आणि तो आपण स्वतःला विचारलाच पाहिजे. जे काम मनाला पटत नाही, जिथे मान मिळत नाही, ते मन लावून करण्यास बौद्ध उपासक बांधील आहे काय? आणि मन लागत नाही म्हणून हात सैल सोडण्याचा त्याला अधिकार आहे काय? हे दोन प्रश्न दिसायला एकसारखे आहेत. त्यांची उत्तरे एक नाहीत.

प्रथम जुन्या कामाचा विचार करू. आपल्यातील कोणाचे आजोबा येसकर होते, कोणाचे मेलेले ढोर ओढत, कोणाचे हलगी वाजवत, दोर वळत, केरसुण्या बांधत. पूर्वाश्रमीचे महार काय आणि मातंग काय, कामाची नावे वेगळी असली तरी त्यांची जात एकच होती. ते काम मागितलेले नव्हते, नाकारता येत नव्हते आणि त्याला वेळेची मर्यादा नव्हती. मुंबई इलाख्यात १८७४ च्या कायद्याने महार वतनाला सरकारी शिक्का मिळाला होता. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात या कायद्याच्या दुरुस्तीचे बिल मांडले, तेव्हा त्यांनी दाखवलेली गोष्ट नोकरी करणाऱ्या प्रत्येकाने समजून घेण्यासारखी आहे. वतनदार महाराचे काम नेमके कोणते, ते कोणी सांगावे, किती तास करावे, याला काही धरबंध नव्हता. तो रात्रंदिवस चाकर. तो घरी नसला तर त्याच्या घरातल्या दुसऱ्या माणसाने कामाला उभे राहायचे. मोबदला मात्र तुटपुंजे इनाम आणि गावाने मर्जीने दिलेले बलुते. आपला बीड जिल्हा त्या वेळी निजामाच्या राज्यात होता. कायदा वेगळा होता, पण गावकीची वेठ इथे काही हलकी नव्हती.

आता सांगा, अशा कामात माणूस कसा वागेल? बोलावल्यावर उशिरा जाईल. सांगितले तेवढेच करील. पाटलाची पाठ फिरली की बसून घेईल. आणि गाव म्हणेल, ही जातच कामचुकार! कारण बाजूला ठेवायचे आणि परिणामाला स्वभाव म्हणायचे, ही वर्णव्यवस्थेची जुनी युक्ती आहे.

बाबासाहेबांनी ही युक्ती १९३६ साली 'जातिप्रथेचे विध्वंसन' या न झालेल्या भाषणात उघडी पाडली. जात म्हणजे श्रमविभागणी, असे तिचे समर्थक म्हणत. बाबासाहेब म्हणाले, तिथे कामाबरोबर काम करणारी माणसेच विभागली जातात. जन्मावरून वाट्याला आलेले आणि समाजाने हलके ठरवलेले काम माणसाच्या मनात त्या कामाविषयी घृणा उत्पन्न करते. मग तो ते टाळू पाहतो, कमीत कमी करू पाहतो. ज्या व्यवस्थेत राबणाऱ्याचे मनही कामात नाही आणि बुद्धीही नाही, त्या व्यवस्थेत चांगले काम निपजणार कसे, असा त्यांचा सवाल होता. कामाविषयीचे मन आणि कामावरचे वागणे यांच्या नात्यावर पुढे जगभर पुस्तकांचे ढीग निघाले. परंतु त्या मनाची मुळे व्यवस्थेत शोधा, हे आपल्या देशात इतक्या स्पष्टपणे सांगणारा त्या काळी दुसरा कोण होता?

तेव्हा गावकीच्या कामातली आपल्या वाडवडिलांची टंगळमंगळ हा दुर्गुण होता असे मी मानत नाही. ज्याला 'नाही' म्हणण्याची सोय नाही, त्याचा हात सैल पडतो ते त्याचे 'नाही'च असते. १९५६ च्या १४ ऑक्टोबरला नागपूरला जो धम्मप्रवाह सुरू झाला, त्याने हे अर्धे 'नाही' पुरे केले. गावोगाव लोकांनी ढोर ओढणे सोडले, येसकरकी सोडली, हलगी खाली ठेवली. त्यासाठी बहिष्कार सोसले, पाण्यावाचून आणि किराणावाचून दिवस काढले. पहिल्या प्रश्नाचे उत्तर तिथेच मिळते. जन्माने लादलेले काम मन लावून करण्यास कोणी बांधील नाही. ते सोडण्याचाच त्याला हक्क आहे.

येथे एक गोष्ट सांगून टाकतो, कारण नव्याने दीक्षा घेतलेल्या घरांत यावरून गैरसमज होतात. दोर वळण्यात किंवा केरसुणी बांधण्यात स्वतः काही पाप नाही. जो बाजारात भाव ठरवून, रोख पैसे घेऊन दोर विकतो, तो कारागीर आहे. तोच दोर पोळ्याला बलुते म्हणून पाटलाच्या दारी नेऊन टाकावा लागतो, तेव्हा ती गुलामी. हातातल्या कसबाला लाजू नका. लाजायचे असेल तर सक्तीला लाजा, आणि तीही लाज सक्ती करणाऱ्याची.

दुसरी एक शिकवण आपल्याला वारंवार दिली जाते, ती समाधानाची. काम कोणतेही असो, त्यात आनंद माना, मग तुमचे वागणे आपोआप चांगले होईल, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. गांधीजींनी १९३६ सालीच 'हरिजन' पत्रात आदर्श भंग्याविषयी लिहिले. त्याने आपल्या कामाचा अभिमान बाळगावा, ते शास्त्रासारखे जाणून करावे, असा त्यांचा आशय. बाबासाहेबांनी १९४५ च्या 'काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांप्रत काय केले?' या ग्रंथात या उपदेशाचा खरपूस समाचार घेतला. मैला उपसणे थोर काम आहे असे फक्त अस्पृश्यालाच सांगायचे आणि त्याच्यावर लादलेले ओझे त्यानेच हौसेने उचलावे अशी अपेक्षा करायची, ही त्यांना क्रूर थट्टा वाटली. थोर असेल तर इतरांनीही घ्यावे ना वाट्याला!

तथागतांनी काय केले ते पाहा. थेरगाथेतील सुनीत थेरांची कथा आपल्याला माहीत आहे. हलक्या मानलेल्या कुळात जन्मलेला, सुकलेली फुले आणि कचरा झाडून पोट भरणारा हा माणूस. भगवान बुद्ध राजगृहात त्याच्यासमोर आले, तेव्हा 'झाडण्याचे काम समाधानाने कर, पुढच्या जन्मी फळ मिळेल' असा उपदेश त्यांनी केला नाही. त्यांनी त्याला भिक्खुसंघात घेतले. माणसाच्या मनाची स्थिती बदलायची तर आधी त्याची परिस्थिती बदलली पाहिजे, याचे यापेक्षा सरळ उदाहरण मला ठाऊक नाही. प्रतीत्यसमुत्पाद म्हणजे तरी काय? कारण असेल तर परिणाम होईल, कारण दूर झाले तर परिणाम थांबेल. नाराजीलाही कारण असते. नाराज माणसाला उपदेश पाजण्यापूर्वी ते कारण शोधावे.

बरे, समाधान असले की काम चांगले होते, हे तरी कितपत खरे आहे? अमेरिकेत या प्रश्नाची पुष्कळ मोजदाद झाली. ब्रेफील्ड आणि क्रॉकेट या दोघा अभ्यासकांनी १९५५ साली तोवरचे संशोधन चाळले. कामगाराचे समाधान आणि त्याचे उत्पादन यांत म्हणावा तसा संबंध त्यांना आढळला नाही. कारखानदारांची मोठी निराशा झाली असावी. २००१ साली टिमथी जज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीनशेहून अधिक पाहण्यांतील ५४ हजारांवर माणसांची माहिती एकत्र केली. पूर्ण संबंधाला १ मानले, तर समाधान आणि कामगिरी यांचा संबंध ०.३० च्या आसपास निघाला. म्हणजे संबंध आहे, पण बेताचा. मन आणि हात एकाच माणसाचे असले तरी ते एकाच दोरीने बांधलेले नाहीत.

यावर अमेरिकेला जायचीही गरज नाही. आपल्या केज तालुक्यात पाहा. युसूफ वडगाव आणि आसपासच्या गावांतून दसरा-दिवाळी झाली की बिऱ्हाडे ऊसतोडीला निघतात. पश्चिम महाराष्ट्रात जातात, कर्नाटकात जातात. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडेपर्यंत फड सोडता येत नाही. पहाटे अंधारात उठायचे, भाकरी थापायची, लेकरू पाठीशी बांधून फडात जायचे, ऊस तोडायचा, साळायचा, मोळी बांधायची, ती डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवायची. गाडी रात्री आली तर रात्री भरायची. असे पाच-सहा महिने.

या माणसांइतके कष्ट कोणता समाधानी नोकरदार करतो? आणि त्यांना विचारा, या कामात मन लागते काय? ज्या बाईने कोपीत बाळंतपण काढले, ती काय उत्तर देईल? मन नाही, तरी हात चालतो. कारण हाताच्या मागे उचल आहे. एक दिवस कामाला गेले नाही तर 'खाडा' धरतात आणि रोजाची मजुरी बुडून वर दंड बसतो. अंगात ताप असो, पाळी आलेली असो, खाडा तो खाडाच.

अभ्यासक सांगतात की नाराज माणूस गैरहजर राहतो, नोकरी सोडतो. खरे आहे, पण ज्याला दुसरी वाट आहे त्याच्यापुरते. वाटच नसेल तर नाराजी पायात उतरत नाही, ती शरीरात उतरते. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या काढल्याचे प्रकरण उजेडात आले. सरकारने चौकशी समिती नेमली. सुमारे ८२ हजार ऊसतोड बायांची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३ हजारांहून अधिक बायांची पिशवी काढलेली आढळली. याला कारणे अनेक आहेत. लहान वयातली लग्ने आहेत, फडावर पाण्याची आणि आडोशाची सोय नसणे आहे, अंगावर काढलेली दुखणी आहेत, भीती घालून शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर आहेत. परंतु त्यांत हेही एक आहे की दुखणे म्हणजे खाडा आणि खाडा म्हणजे दंड. हजेरी पुरी भरली, म्हणून त्या बाया कामावर समाधानी होत्या असे कोणी म्हणेल काय? मुकादमाच्या वहीत मात्र त्या उत्तम कामगारच होत्या.

म्हणून वागण्यावरून मन ओळखू नका, इतरांचेही आणि स्वतःचेही. राबणारा सुखी आहे असे समजू नका. बसलेला आळशी आहे असेही लगेच समजू नका.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येतो, आणि येथे मला अधिक वेळ थांबायचे आहे. आपल्यापैकी काहींना बाबासाहेबांच्या लढ्यामुळे नोकऱ्या मिळाल्या आहेत. कोणी जिल्हा परिषदेचा शिक्षक, कोणी एस.टी.चा वाहक, कोणी ग्रामसेवक, तलाठी, आरोग्यसेविका, पोलीस, कोणी पंचायत समितीत लिपिक, कोणी शिपाई. यांच्यावर वतन नाही, उचल नाही, खाडा नाही. रजा आहे, पगार आहे, संघटना आहे. परंतु मान आहे काय? अनेकांना नाही. बदली कोणाची आधी होते, डब्याला कोणाला बोलावतात, बढतीची फाईल कोणाची अडते, चूक झाली की कोणाच्या जातीचा उद्धार होतो, हे ज्याचे त्याला ठाऊक.

हे नवे नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांत विणकाम खात्यात पगार चांगला असे, पण तिथे अस्पृश्याला घेत नसत. कारण काय? धोट्यातील धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि सवर्ण कामगारांना त्याचा विटाळ होई. बाबासाहेबांनी हा प्रश्न १९२८ च्या गिरणी संपाच्या काळात उभा केला. पुढे फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेतील दलित कामगारांच्या परिषदेत त्यांनी दाखवले की आपला माणूस गँगमन म्हणून लागतो आणि तसाच राहतो. त्याला साधे पोर्टरही करत नाहीत, कारण पोर्टरने स्टेशनमास्तरच्या घरचे काम करावे अशी रीत, आणि घरात अस्पृश्य चालत नाही. कामगारांचे दोन शत्रू, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही, हे त्यांनी तिथेच सांगितले. तेव्हा आपल्या नोकरदाराच्या मनात राग असेल तर तो उगाच नाही. तो राग खरा आहे आणि त्याला इतिहास आहे.

प्रश्न असा की हा राग कामावर उतरतो तेव्हा पडतो कोणावर?

वेठीच्या कामातली टंगळमंगळ ज्याने वेठ लावली त्याच्यावरच पडत होती. पाटलाचे सरपण उशिरा फुटले, पाटलाचा निरोप उशिरा पोचला. नुकसान कोणाचे? पाटलाचे. परंतु कचेरीतली टंगळमंगळ साहेबावर पडत नाही. साहेबाची कामे वेळेवर होतात, त्यांना उशीर करण्याची कोणाची छाती नसते. ती पडते टेबलासमोर उभ्या असलेल्या माणसावर. संजय गांधी निराधार योजनेचा कागद घेऊन एक म्हातारी केजला तहसीलला येते. एस.टी.चे भाडे मोडून येते, रोज बुडवून येते. तिला "उद्या या" म्हटले की साहेबाला काही लागत नाही. म्हातारीचा दिवस जातो. शाळेत गुरुजींचे मन नाही म्हणून वर्ग तसाच बसून राहिला तर शिक्षणाधिकाऱ्याच्या मुलाचे काही बिघडत नाही, तो शहरात दुसऱ्या शाळेत आहे. बिघडते ते फडावरून परत आलेल्या पोराचे. त्याची आधीच अर्ध्या वर्षाची शाळा बुडालेली असते. आणि ती म्हातारी, ते पोर, बहुतेक वेळा आपल्याच वस्तीतले असते. नसले तरी काय फरक पडतो? ते दुसऱ्या कोणा गरिबाचे असते.

राग वर जात नाही, पाण्यासारखा उताराकडे वाहतो. जातीच्या उतरंडीची हीच तर खोड आहे. वरच्याने दिलेला अपमान खालच्याला द्यायचा आणि हलके व्हायचे. दीक्षा घेतली म्हणजे ही उतरंड सोडली. मग कचेरीत बसून तीच कशी चालवायची?

भगवान बुद्धांनी कर्माचा अर्थ चेतना असा सांगितला, म्हणजे कृतीमागचा हेतू. साहेबाने अपमान केला, ते साहेबाचे कर्म. त्याबद्दल त्याला जाब विचारा, लेखी तक्रार करा, संघटनेत जा, आयोगाकडे जा, न्यायालयात जा. हे सर्व मार्ग संविधानाने दिले आहेत आणि ते वापरणे हे भांडखोरपण नव्हे. तक्रार करण्याच्या ठिकाणी गप्प बसायचे आणि काम करण्याच्या ठिकाणी हात आखडायचा, यात दोन्हीकडे नुकसान आपलेच. परंतु म्हातारीला परत पाठवले, ते मात्र साहेबाचे कर्म राहत नाही. त्यामागची चेतना तुमची आहे. माझे मन नव्हते, ही सबब तिथे चालत नाही, कारण आपण आताच पाहिले की मन नसतानाही हात चालू शकतो. फडावरची बाई ते रोज दाखवते.

आग्र्याला १८ मार्च १९५६ रोजी बाबासाहेबांनी शिकलेल्या लोकांनी आपल्याला दगा दिला अशी व्यथा बोलून दाखवली. आपल्या सभांतून तिचा उल्लेख वारंवार होतो. बहुतेक वक्ते त्याचा अर्थ देणगी न देणे, चळवळीत न येणे असा घेतात. मला वाटते त्याचा एक अर्थ टेबलाशीही आहे. चळवळीला महिन्याला वर्गणी देणारा पण समोरच्या निराधाराला हेलपाटे घालायला लावणारा माणूस त्या व्यथेतून सुटतो काय?

याच्या उलट दुसरे टोकही आपल्यात आढळते. 'सरकारचा जावई' हा टोमणा खोटा ठरवायचा म्हणून काही जण जिवापाड राबतात. सुट्टी घेत नाहीत, दुसऱ्याचे कामही ओढतात, साहेबाच्या घरची भाजीही आणून देतात. हे पाहून मला आनंद होत नाही. असा माणूस नोकरीत राहून पुन्हा येसकर होतो. टंगळमंगळ करणारा आणि असा राबणारा, दोघांचेही वागणे दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहून ठरते. कोणी माझ्या समाजाला काय म्हणेल याची धास्ती ही काही सम्यक चेतना नव्हे. तुमची जात तुमच्या फाईलीत शोधणाऱ्याला तुम्ही कितीही निर्दोष काम दिले तरी तो काहीतरी शोधीलच.

मग माप कोणते? दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात ते आहे. सहा दिशांना नमस्कार करणाऱ्या तरुण सिगालाला तथागत सांगतात की दिशा म्हणजे माणसामाणसांतील नाती. आईबाप पूर्वेला, गुरू दक्षिणेला, आणि खालची दिशा म्हणजे राबणारी माणसे. या खालच्या दिशेविषयी ते प्रथम धन्याची कर्तव्ये सांगतात. ताकद पाहून काम द्यावे. अन्न आणि वेतन द्यावे. आजारात शुश्रूषा करावी. विशेष गोडधोड झाले तर वाटून खावे. वेळोवेळी सुट्टी द्यावी. यानंतर ते राबणाऱ्याचे वागणे सांगतात. त्याने धन्याआधी उठावे, नंतर निजावे, दिलेले तेवढेच घ्यावे, काम चांगले करावे, धन्याचे नाव चांगले राखावे.

या क्रमाकडे आपले लक्ष जात नाही. राबणाऱ्याचे आचरण आधी आणि धन्याची दया नंतर, असे तिथे नाही. धन्याने आपले काम केले, म्हणजे राबणारा आपले करील, असा तो उपदेश आहे. मालक लोकांना सुत्ताचा दुसरा भाग तेवढा आवडतो. तुम्ही त्यांना पहिला वाचून दाखवा. ताकद पाहून काम, आजारात शुश्रूषा, वेळोवेळी सुट्टी, ही तीन मापे ऊसफडाला लावली तर काय राहते? खाडा हा शब्दच उभा राहत नाही.

आणि धन्याआधी उठावे, नंतर निजावे, हे आज शब्दशः घ्यायचे काय? मी तरी घेत नाही. ते त्या काळच्या घरगुती नोकराविषयी आहे. काहीही केवळ ग्रंथात आहे म्हणून मानू नका, असे तथागतांनीच कालामांना सांगितले. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना १९४६ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन आठवड्याचे ५४ तास ४८ वर आले. राबणाऱ्याच्या दिवसाला कडा असली पाहिजे, हा त्याचा अर्थ. धम्माला मानणाऱ्याने कामाचे तास पुरे भरावेत आणि त्यापुढचे मागावेत, दोन्ही सारख्याच निर्भयपणे.

दिलेले तेवढेच घ्यावे, हे मात्र शब्दशः घ्या. ते दुसरे शील आहे. म्हातारीच्या कागदावर शंभराची नोट मागणे हे अदिन्नादानच. 'वरचे खातात, मग मी का नको' हा युक्तिवाद तर उतारावरून वाहणाऱ्या त्याच पाण्याचा आहे. दारू, विष, शस्त्रे, प्राणी, मांस यांचा व्यापार उपासकाने करू नये हेही सम्यक आजीवात येते. त्यावर या पानांतून पुष्कळ लिहून झाले आहे, येथे विस्तार करत नाही.

अभ्यासकांची आणखी एक गोष्ट येथे उपयोगी पडते. बेटमन आणि ऑर्गन यांनी १९८३ साली दाखवले की समाधानी माणूस जास्त माल काढतो की नाही हे सोडा, पण नियमात न लिहिलेली मदत तो अधिक करतो. नव्याला शिकवतो, अडलेल्याला वाट दाखवतो. पुढे १९९१ साली मूरमन यांनी आणखी खोल पाहिले. तेव्हा या मदतीच्या मुळाशी समाधानापेक्षा न्याय दिसला. वरिष्ठ आपल्याशी न्यायाने वागतो असे वाटले, की माणूस इतरांना अधिक हात देतो. म्हातारीला नेमकी हीच मदत हवी असते. कोणता कागद कमी आहे, तो कुठे मिळेल, हे एकाच वेळी सांगणे. हे कोणत्याही नियमात लिहिलेले नसते. ज्याला स्वतःला न्याय मिळालेला नाही त्याने ती द्यावी, ही अपेक्षा जड आहे हे मी जाणतो. तरीही ती मी तुमच्याकडून करतो. अन्यायाने किती हेलपाटे पडतात ते तुम्हाला ऐकून नव्हे, पायांनी माहीत आहे.

हाच विचार मुकादमालाही लागू आहे. आता आपल्या वस्त्यांतूनही मुकादम तयार झाले आहेत. कालपर्यंत कोयता हातात होता, आज टोळी आहे. त्याच्यावर कारखान्याचा दाब असतो, उचल बुडण्याची भीती असते, हे खरे. पण खाड्याचा दंड तो कोणाकडून घेतो? विहारात शेजारी बसून त्रिशरण घेणाऱ्या बाईकडून. खालच्या दिशेची पाच कर्तव्ये त्याला लागू नाहीत, असे कोणत्या सुत्तात आहे?

तेव्हा युसूफ वडगावसारख्या गावातील दीक्षित कुटुंबांना या हंगामापुरती एक सूचना करतो. दसऱ्याच्या, म्हणजे धम्मचक्र प्रवर्तनाच्या सुमारास बिऱ्हाडे निघण्यापूर्वी एका संध्याकाळी विहारात वंदना झाली की सिगालोवादातील तो खालच्या दिशेचा भाग सर्वांसमोर वाचावा. मुकादमांनाही बोलवावे. मग एक वही काढावी. कोणत्या कोयत्याने किती उचल घेतली, टनाचा भाव काय ठरला, आजारपणात किती दिवस खाडा धरायचा नाही, बाळंतिणीचे काय, हे तिच्यात लिहावे आणि मुकादमाची सही घ्यावी. वहीची एक प्रत गावात राहणाऱ्या एखाद्या शिकलेल्या मुलीकडे ठेवावी. ज्यांना नोकरी आहे त्यांनी त्या संध्याकाळी तिथे बसून हे लिहून द्यावे, आणि मागे राहणाऱ्या म्हाताऱ्यांचे निराधाराचे अर्जही त्याच बैठकीत भरून टाकावेत. मार्च-एप्रिलमध्ये बिऱ्हाडे परत आली की तीच वही उघडावी आणि प्रत्येक बाईला विचारावे, किती दिवस आजारी होतीस आणि किती दिवसांचा दंड कापला.

जय भीम.